मोटर वाइंडिंगचं वर्कशॉप गूगलवर आणताना: माझा अनुभव

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत आमचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्याने गुंडाळून द्यायचं, वर्कशॉप आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९४ साली एका भाड्याच्या गाळ्यात ते सुरू केलं. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं सगळं काम ओळखीतून आलं. एका कारखान्यातला मेंटेनन्सवाला दुसऱ्याला सांगायचा आणि जळालेली मोटर टेम्पोतून दारात उतरायची. कोविडनंतर ही साखळी तुटली. तीन मोठी गिऱ्हाइकं चाकणला गेली, ओळखीचे मेंटेनन्स मॅनेजर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेली तरुण मुलं मोटर जळाली की आधी खिशातून मोबाइल काढतात, आणि त्या मोबाइलवर आम्ही कुठेच नव्हतो.

२०२२ मध्ये मी एका डिजिटल मार्केटिंगवाल्याला काम दिलं. ‘सहा महिन्यांत पहिल्या नंबरवर आणतो, गॅरंटी’ असं तो म्हणाला. अठरा हजार रुपये दिले. त्याने गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर आणि मॅप्सवर दिसणारी दुकानाची नोंद, काढलं, पण नावाच्या जागी आमच्या नावापुढे ‘बेस्ट मोटर वाइंडिंग पंप रिपेअर भोसरी चाकण पिंपरी’ अशी शेपटी जोडली. व्यवसायाचा मुख्य वर्ग (कॅटेगरी) ‘इलेक्ट्रिशियन’ ठेवला. त्यामुळे फोन यायचे ते घरचा पंखा बसवायला, गीझर बघायला. त्यातच गुरुवारी ‘बंद’ अशी वेळ टाकली. एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते हे खरंच, पण कारखाना बंद असतो म्हणूनच मेंटेनन्सची कामं त्या दिवशी निघतात. गुरुवार आमचा सर्वांत धावपळीचा वार, आणि नेमक्या त्याच दिवशी आम्ही लोकांना बंद दिसत होतो.

चार महिन्यांनी प्रोफाइल सस्पेंड झालं. नियम वाचायला बसलो तेव्हा कळलं की नाव दुकानाच्या पाटीवर आहे तसंच लिहावं लागतं, त्यात कामाचे किंवा गावांचे शब्द घालता येत नाहीत. पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही, हेही गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय. ते आधी वाचलं असतं तर पैसे वाचले असते. वेबसाइटचं डोमेनही, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्या माणसाने स्वतःच्या नावावर घेतलं होतं आणि ते परत द्यायचे वेगळे पैसे मागत होता. मी ते सोडून दिलं आणि नवं डोमेन माझ्या नावाने, माझ्या ईमेलवर घेतलं. धंदा करणाऱ्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे, डोमेन आणि गूगल खातं स्वतःच्याच नावावर ठेवा. काम करणाऱ्याला फक्त मॅनेजर म्हणून जोडा.

प्रोफाइल परत मिळवणं हे सगळ्यांत किचकट काम. अपिलाच्या फॉर्ममध्ये पुरावे जोडायला एकदा सुरुवात केली की ६० मिनिटांत ते द्यावे लागतात, म्हणून आधी सगळे कागद जमवले. तेव्हा लक्षात आलं की पाटीवर ‘इलेक्ट्रिकल वर्क्स’, उद्यम प्रमाणपत्रावर (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीवर) ‘एंटरप्रायझेस’ आणि लाइट बिल अजून जुन्या गाळेमालकाच्या नावाने. एकच दुकान, तीन नावं. माणूस समोरासमोर येतो तेव्हा याने काही अडत नाही, पण कागदावर तपासणाऱ्याला आपण तीन वेगळे लोक वाटतो. उद्यमची दुरुस्ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. लाइट बिलाच्या नावाला दीड महिना गेला. मग अपील केलं.

त्यानंतर व्हिडिओने पडताळणी झाली. कापाकापी न करता सलग शूटिंग हवं: रस्ता, शेजारची दुकानं, आपली पाटी, मग किल्लीने शटर उघडून आत जाणं, यंत्रं आणि कागद. मी मोबाइल धरला, अण्णांनी शटर उघडलं. वाइंडिंग मशिन, वार्निशची टाकी, बेकिंग ओव्हन असं एकेक दाखवत गेलो. चार दिवसांनी प्रोफाइल पुन्हा दिसायला लागलं.

त्या दिवसापासून सगळं स्वतः करायचं ठरवलं. गूगल जवळपासचे निकाल लावताना मुख्यतः तीन गोष्टी पाहतं: शोधणाऱ्याला हवंय त्याच्याशी आपलं काम किती जुळतं, आपण किती जवळ आहोत आणि आपल्याला किती लोक ओळखतात. वर्कशॉप उचलून जवळ नेता येत नाही, म्हणून उरलेल्या दोनांवर मेहनत घेतली. वर्ग बदलून मोटर दुरुस्तीचा केला. जुन्या डिरेक्टऱ्यांमध्ये अण्णांचा बंद पडलेला लँडलाइन नंबर पडून होता, तो सगळीकडे बदलला. मोटर डिलिव्हर झाली, चालवून दाखवली की तिथेच क्यूआर कोड दाखवून रिव्ह्यू मागायला लागलो. रिव्ह्यूसाठी सूट देणं नियमात बसत नाही. विकतचे पन्नास रिव्ह्यू देणारेही भेटले, त्यांना नाही म्हटलं. आमच्या कामाला खोट्या शिफारशीची गरज नाही.

सर्वांत जास्त फरक फोटोंनी पडला. आधीच्या माणसाने इंटरनेटवरून उचललेल्या नव्याकोऱ्या मोटरींची चित्रं लावली होती. मी जळालेल्या स्टेटरचे, म्हणजे मोटरीच्या आतल्या कॉइली बसवलेल्या स्थिर भागाचे, फोटो टाकले. थ्री-फेज मोटरच्या कॉइली स्टार किंवा डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडतात. स्टार जोडणीच्या मोटरला एक फेज गेला की दोन फेजच्या कॉइली काळ्याठिक्कर पडतात आणि तिसऱ्या फेजच्या तांब्यावरचं वार्निश तसंच चमकत राहतं. डेल्टाला उलट, एकच फेज जळतो. मोटर उघडून बघणाऱ्याला हे एका नजरेत कळतं. फोटोखाली दोन ओळींत हेच लिहिलं. वेबसाइटवरही ‘सर्व प्रकारची इलेक्ट्रिकल कामे’ हे पान काढून टाकलं आणि ‘व्हीएफडीवरची (वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवरची) मोटर वारंवार का जळते’ असं एकच पान मराठीत आणि हिंदीत लिहिलं. बेअरिंगच्या रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या कड्यावर, शाफ्टमधून जाणाऱ्या करंटने आडव्या रेघा पडतात, त्याचा फोटो त्यात घातला. गूगल सर्च कन्सोल फुकट आहे, लोकांनी काय टाइप केलं तेव्हा आपण दिसलो ते त्यात कळतं. ‘motor winding’ असं कोणी लिहीत असेल असं मला वाटायचं. लोक लिहीत होते ‘मोटर बार बार जल रही है’.

या सगळ्यात दुसरी गोष्ट समांतर चालू होती. कॉम्प्रेसर दुरुस्त करणाऱ्या एका मित्राने मला एकमेकांना कामं मिळवून देणाऱ्या उद्योजकांच्या गटाच्या साप्ताहिक बैठकीला नेलं. असे गट अनेक आहेत: इव्हान मिसनर यांनी १९८५ साली अमेरिकेत सुरू केलेलं बीएनआय आहे, मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी उभा केलेला सॅटर्डे क्लब आहे. मी ज्या गटात गेलो तिथे सकाळी सात वाजता बैठक, एका व्यवसायाचा एकच सभासद आणि प्रत्येकाला बोलायला एक मिनिट. पहिले दोन महिने मी उभा राहून म्हणायचो, ‘आम्ही सर्व प्रकारच्या मोटर दुरुस्त करतो, काम असेल तर सांगा.’ एकही रेफरन्स आला नाही.

मग एका सीए मॅडमनी चहा घेताना विचारलं, ‘तुम्हाला नक्की कोण भेटायला हवंय?’ मी म्हणालो, २५ एचपीच्या वरच्या मोटरी असलेल्या कारखान्याचा मेंटेनन्स मॅनेजर. ‘मग हेच म्हणा ना.’ पुढच्या आठवड्यात मी तेच म्हणालो आणि रेघा पडलेलं बेअरिंग सोबत नेऊन सगळ्यांच्या हातात फिरवलं. त्याच दिवशी पॅकेजिंगवाल्या सभासदाने त्याच्या गिऱ्हाइकाचा नंबर दिला.

त्या गिऱ्हाइकाच्या कारखान्याचा मेंटेनन्स मॅनेजर वर्कशॉपवर आल्या आल्या म्हणाला, ‘फोन करायच्या आधी मी तुमचे फोटो बघितले.’ तेव्हा मला दोन्ही कामांतला धागा दिसला. ओळखीने नंबर मिळतो, पण तो नंबर लावायच्या आधी माणूस गूगलवर एकदा बघतोच. तिथे शेपटी लावलेलं नाव आणि उसनी चित्रं दिसली असती तर त्याने फोन केला नसता. त्याच्या कारखान्याच्या सात मोटरी आम्ही आतापर्यंत केल्या.

अण्णांना हे सगळं सुरुवातीला पटत नव्हतं. ‘काम चांगलं असलं की लोक येतात’, एवढंच ते म्हणायचे. गेल्या गुरुवारी ४० एचपीची मोटर उघडली. मी बाहेर फोनवर होतो. आतून हाक आली, ‘अरे, इकडे ये आधी. मोबाइल आण.’ अण्णांनी स्टेटर खिडकीतल्या उजेडाकडे वळवून धरला होता. ‘दोन फेज काळे, एक कसा स्वच्छ आहे बघ. याचा फोटो घे, मग मी कॉइल तोडतो.’