माझा अनुभव: दोन किलोची चहाची वीट घरी आणताना

कंपनीच्या कामासाठी चीनच्या हुनान प्रांतात होतो. परतताना तिथल्या आन्हुआची फूझ्वान, म्हणजे आंबवून, दाबून केलेल्या गडद चहाची दोन किलोची वीट घेतली. खरेदी, पॅकिंग, छांगशा विमानतळावरचं चेक-इन सगळं सुरळीत पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहितोय ते आपल्याकडे उतरल्यावर कस्टमच्या टेबलापाशी जे झालं त्याबद्दल. विमानतळाचं नाव घेत नाही, पण आठवलं की अजून डोकं तापतं.

बॅग स्कॅनरमध्ये गेली आणि बेल्ट थांबला. पडद्यावर गडद, घट्ट, चौकोनी ठोकळा. त्यांना काय वाटलं असेल ते सांगायला नको.

"यात काय आहे?"

"चहा."

"असा चहा असतो होय?"

वेष्टनावर सगळी चिनी अक्षरं. पैसे वीचॅट या चिनी ॲपवरून दिलेले, त्यामुळे बिल मोबाइलमध्ये आणि तेही चिनीत. साहेबांना कागद हवा. म्हणून आधीच सांगून ठेवतो: दुकानदाराकडून इंग्रजीत छापील पावती घ्या, मागितली की देतात.

मग "फोडून दाखवा" असा हुकूम झाला. एकाने स्क्रू ड्रायव्हर आणून वरून टोचून पाहिलं. यंत्रात दाबलेली वीट ती, नुसता ओरखडा उठला. विटेसोबत मिळालेली दाभणासारखी सुई त्याच बॅगेत होती, पण ती "हे कशाला?" म्हणून आधीच बाजूला काढून ठेवलेली. शेवटी ती माझ्या हातात दिली. चहाची वीट वरून फोडायची नसते. कडेला पानांचे थर दिसतात, त्यांच्यात सुई आडवी सरकवायची आणि हलकेच उचलायची. हाताएवढा पापुद्रा सुटून आला तेव्हा, खरं सांगतो, मला जरा ऐटच वाटली. त्यांच्या किटने चाचणी केली, अमली पदार्थ नाही हे ठरलं. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात दुसरे साहेब वाकले. फुटलेल्या बाजूवर बारीक पिवळे ठिपके पसरले होते. "अहो, याला तर बुरशी लागलीय! खराब माल आत नाही सोडता येणार."

आता काय बोलणार? बुरशीच ती. युरोशियम क्रिस्टॅटम तिचं नाव. वीट दाबून झाली की उबदार, दमट खोलीत, साधारण २८ अंशांवर, काही आठवडे ठेवून ती मुद्दाम वाढवतात. तिकडे तिला सोनेरी फुलं म्हणतात आणि गिऱ्हाईक आधी तीच बघतं. दाट असतील तर भाव चढतो. मी म्हटलं, "साहेब, विरजणाशिवाय दही लागतं का? तसंच आहे हे." ते हसले, पण वीट काही सोडली नाही. वरिष्ठ येऊ देत म्हणाले.

वरिष्ठ येता येईनात. माझ्यासोबत उतरलेले सगळे घरी पोचून झोपले असतील, मी प्लास्टिकच्या खुर्चीत. टेबलावरचा तरुण पोरगा मात्र चौकस होता, त्याला सगळं सांगत बसलो. तांग राजघराण्याच्या काळापासून चीनमध्ये बहुतेक चहा वाफवून, कुटून, दाबून ठेवत. १३९१ मध्ये मिंग सम्राट होंगवूने नजराण्याच्या दाबलेल्या वड्या बंद करून सुटी पानं मागवली आणि दरबारी चहाची चाल बदलली. विटा उरल्या मुख्यतः सीमेपलीकडच्यांसाठी: तिबेट, मंगोलिया, शिनजियांग. जनावरावर लादायला सोप्या, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या. मंगोलियात तर नाण्यासारख्या चालायच्या. फूझ्वानची गंमत वेगळीच. पान हुनानचं, पण दाबायला पार शाआन्शी प्रांतातल्या जिंगयांगला जायचं, कारण तिथल्या पाण्याशिवाय फुलं धरतच नाहीत असा पक्का समज. १९५३ मध्ये आन्हुआतच ती धरून दाखवली तेव्हा तो मोडला. "म्हणजे त्यांनाही बुरशीनेच छळलं," पोरगा म्हणाला.

वरिष्ठ आले ते हातात मशीनच्या चहाचा कागदी कप घेऊन. वास घेतला, पापुद्रा उलटापालटा केला. "विकणार नाही ना?" नाही म्हटलं. "घरी पिण्यासाठी" असं कोऱ्या कागदावर लिहून सही केली आणि झालं. एवढंच होतं तर हा कागद पहिल्याच मिनिटाला का नाही मागितला?

आणायचीच असेल तर छोटी वीट आणा, दोन किलोच्या वाटेला जाऊ नका. सुई चेक-इनच्या बॅगेतच ठेवा, हातातल्या बॅगेत नको. बुरशीबद्दल विचारलं तर खरं सांगा, लपवायला गेलात तर संशय वाढतो. घरी आणल्यावर मसाल्याच्या डब्यांपासून लांब ठेवा, वास पटकन धरतो. फ्रिजमध्ये तर नकोच.

करताना तुकडा गरम पाण्याने एकदा धुऊन ते पाणी टाका, मग चांगला उकळा. नुसता भिजवला तर निम्माही उतरत नाही. शिनजियांगकडे दूध आणि मीठ घालतात. आमच्याकडे मीठ कोणी चालवून घेतलं नाही. मात्र हा चहा घागरीने पिऊ नका. विटांना पिकली पानं वापरतात आणि त्यांत फ्लोराइड साठतं. रोज भरपूर पिणाऱ्या तिबेटी आणि मंगोल वस्त्यांत त्यामुळे दात-हाडांचे विकार आढळले. २००५ च्या चिनी मानकात विटेच्या चहाला किलोमागे ३०० मिलिग्रॅम फ्लोराइडची मर्यादा आहे. आम्ही रविवारी जेवणानंतर एकेक पेला घेतो.