वळिवड्याच्या बराकी आणि ‘निर्वासित’ या शब्दाचा अर्थ

गांधीनगरला कापड घ्यायला जाणाऱ्या बहुतेक कोल्हापूरकरांना तिथे एकेकाळी छावणी होती हे ऐकून माहीत असतं. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या वळिवडे छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलेली ही माणसं इराणमार्गे इथवर आली होती. त्यांच्यामागून त्याच बराकींत फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबं आली. आपण दोघांनाही निर्वासितच म्हणतो. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या जिनिव्हा कराराच्या मोजपट्टीवर मात्र यातला एकच गट निर्वासित ठरतो.

सिंधी कुटुंबांचं घरदार गेलं, पण देश मिळाला. राज्यघटनेच्या कलम ६ ने त्यांच्यासाठी नागरिकत्वाची वाट खुली केली. पोलिश लोकांचं उलट झालं. त्यांची गावं युद्धानंतर सोव्हिएत हद्दीत गेली आणि लंडनमधल्या ज्या परागंदा पोलिश सरकारचा त्यांना आधार होता, त्याची मान्यता ब्रिटनने जुलै १९४५ मध्ये काढून घेतली. पाठीशी उभा राहील असा देशच उरला नाही.

१९५१ च्या करारातली व्याख्या नेमकं हेच विचारते. माणूस स्वतःच्या देशाबाहेर आहे का? वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत, यांपैकी एखाद्या कारणाने छळ होण्याची साधार भीती त्याला आहे का? आणि त्याचा देश त्याला संरक्षण देऊ शकतो का? दुष्काळ किंवा निव्वळ गरिबी यात बसत नाही. युद्धसुद्धा आपोआप बसत नाही. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरताच होता. ती अट १९६७ च्या प्रोटोकॉलने, म्हणजे पूरक कराराने, काढली.

कराराचं कलम ३३ सांगतं की माणसाला छळाच्या तोंडी परत धाडू नका. पण अर्ज कसा तपासायचा, निकालापर्यंत माणसाला कुठे ठेवायचं, यावर करार जवळजवळ गप्प आहे. म्हणून एकाच गावातून पळालेल्या दोन भावांना दोन देशांत दोन वेगळे निकाल मिळू शकतात. युरोपीय संघ १९९९ पासून सामायिक नियम घडवतोय तो हीच दरी बुजवण्यासाठी. त्याचं ताजं रूप २०२४ मध्ये मंजूर झालं आणि अंमलाची तारीख ठरली जून २०२६.

त्यानुसार बेकायदा सीमा ओलांडून आलेल्याची प्राथमिक छाननी जास्तीत जास्त ७ दिवसांत व्हायला हवी: ओळख, तब्येत, सुरक्षेची तपासणी. बोटांचे ठसे सामायिक नोंदणीत जातात. पूर्वी ते वयाच्या १४ व्या वर्षापासून घेत, आता ६ व्या वर्षापासून. मग अर्ज कोणत्या देशाने ऐकायचा ते ठरतं. ‘जिथे पहिलं पाऊल तिथे अर्ज’ हा सर्रास गैरसमज आहे. आधी एकटं आलेलं मूल आणि कुटुंब पाहतात, त्यानंतर व्हिसा वगैरे कोणी दिला ते, आणि कुठून घुसला हे त्याच्याही नंतर. जबाबदार देशाकडे पाठवणी साधारणपणे सहा महिन्यांत झाली नाही, तर जबाबदारी सध्याच्या देशावर येते. अशा पाठवण्या न्यायालयांत अडकतातही. २०११ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने एका अफगाण अर्जदाराच्या खटल्यात ग्रीसला तिथल्या हलाखीसाठी दोषी धरलंच, शिवाय ती हलाखी माहीत असून त्याला तिकडे पाठवल्याबद्दल बेल्जियमलाही.

सगळ्यात जास्त घोळ मुलाखतीत होतो. अर्जदाराकडे कागद नसतात, त्याचं सांगणं हाच मुख्य पुरावा. छाननीच्या दिवशी दमलेला माणूस चार वाक्यं बोलतो, पुढे सविस्तर मुलाखतीत चाळीस, आणि ही वाढच विसंगती म्हणून लिहिली जाते. दुभाषा भाषा जाणतो पण बोली जाणत नाही. तारखांचं तर विचारूच नका. पन्हाळ्याकडची म्हातारी ‘जोतिबाची यात्रा झाल्यावर’ असं सांगते. तिला इंग्रजी तारीख विचारून ती चुकली म्हणून खोटारडी ठरवणं जितकं अन्यायाचं, तितकंच वेगळं पंचांग वापरणाऱ्या अफगाण माणसाला तसं ठरवणं. मुलाखतीची लेखी नोंद अर्जदाराला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावी आणि चुका तिथल्या तिथे दुरुस्त कराव्यात. अपिलात नंतर तीच नोंद तोलली जाते.

निवाऱ्याचा प्रश्न यापासून सुटा नाही. पदपथावर झोपणाऱ्याला नोटीस पोहोचत नाही आणि अपिलाची मुदत टळते. नव्या नियमांत मुलांना दोन महिन्यांत शाळा आणि अर्जदाराला नोंदणीपासून सहा महिन्यांत कामाची मुभा (आधी नऊ महिने होते) द्यायची आहे. वळिवड्यात शाळा, दवाखाना, चर्च सगळं होतं, पण ते कोणाच्या हक्काचं नव्हतं.

पुनर्वसन म्हटलं की आपल्याकडे धरणग्रस्त डोळ्यांसमोर येतात. इथे अर्थ वेगळा आहे: आसरा दिलेल्या पहिल्या देशातून तिसऱ्या देशात कायमची सोय. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था छळ सोसलेले, एकट्या पडलेल्या बायका, धोक्यातली मुलं, पहिल्या देशात न मिळणाऱ्या उपचारांची गरज असलेले, अशा सात गटांतून नावं सुचवते. पुन्हा मुलाखत घेऊन अंतिम होकार तो तिसरा देश देतो. हा हक्क नाही, आणि जगातल्या एक टक्क्याहून कमी निर्वासितांनाच वर्षाकाठी ती संधी मिळते. ही प्रक्रिया पूर्णपणे मोफत आहे. ‘यादीत नाव घालतो’ म्हणून पैसे मागणारा दलाल फसवतोय असंच समजावं.

भारताने १९५१ चा करार स्वीकारलेला नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. अफगाण आणि म्यानमारच्या लोकांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांचं दिल्लीतलं कार्यालय करतं, तिबेटी आणि श्रीलंकन तमिळांचं सरकार पाहतं. अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं की राज्यघटनेच्या कलम २१ चं जीविताचं संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे. निर्वासितांसाठी इथल्या वकिलाच्या हातात आजही मुख्यतः हेच कलम असतं.