रुफस अखेर गादीवर! (जमीन आणि टायटल वेगळं करण्याचा अपडेट)

मध्ययुगीन राजे-सरदारांच्या माझ्या खेळाची १०८७ ची टेस्ट पास झाली. इंग्लंड जिंकणारा नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम मेला, थोरल्या रॉबर्टला नॉर्मंडी, मधल्या रुफसला इंग्लंड, आणि धाकट्या हेन्रीच्या हातावर पाच हजार पौंड चांदी. कोडमध्ये या तिघांचं नाव कुठेही नाही. सगळं नियमांतून आलं. मागच्या वेळी ‘इव्हेंट टाक (म्हणजे ही वाटणी आधीच लिहून ठेव) आणि मोकळा हो’ म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम पहिल्याच ओळीत.

उंबरठ्याचं, म्हणजे किती जमीन असली की टायटल (सरदारकीचा किताब) मिळतं त्याचं, प्रकरण आठवत असेल. क्रुसेडर किंग्ज ३ या खेळात डची (ड्यूकचा प्रदेश) तयार करायला तिच्या डी ज्युरे, म्हणजे कायद्याने तिच्यात मोडणाऱ्या, काउंट्यांपैकी निम्म्याहून जास्त तुमच्याकडे लागतात. मी तोच नियम उचलला होता, फक्त माझ्याकडे टायटल आपोआप सरकत होतं. छोट्या नकाशावर हे गणित फार विचित्र वागतं. दोन काउंट्यांच्या डचीत दोन्ही हव्यात, चारांत तीन, पाचांतही तीनच. आणि तीनांत फक्त दोन. एआयला हे आपल्याआधी कळतं. त्यामुळे तीन काउंट्यांच्या डच्यांवर बारमाही धाडी आणि चार काउंट्यांच्या डचीचा मालक निवांत. इंग्लंडपुरता हा तिढा मी सरळ कापून टाकला: इंग्लंडात आता डचीच नाहीत. तिथला पहिला ड्यूक १३३७ चा, कॉर्नवॉलचा. माझा खेळ त्याच्या बराच आधी संपतो. अर्ल (ड्यूकच्या खालचे सरदार) ठेवले, ड्यूक काढले, नकाशा लगेच शांत झाला.

पण घोडं खरं पेंड खात होतं ते वारसाहक्कात. बहुतेक खेळांत सगळ्यांत मोठं टायटल ‘प्रायमरी’ असतं आणि ते मुख्य वारसाला जातं. राजेपद डचीपेक्षा मोठं, म्हणून माझ्या प्रत्येक रनमध्ये रॉबर्ट इंग्लंडचा राजा व्हायचा आणि रुफस नॉर्मंडीत हात चोळत बसायचा. पार्टिशनचे, म्हणजे मुलांत वाटणीचे, सगळे प्रकार लावून पाहिले. निवडणुकीचा नियम लावला, तर बॅरनांनी (राजाच्या सरदारांनी) एकमुखाने रॉबर्टला मत दिलं. त्यात त्यांची चूक नाही म्हणा, १०८८ मध्ये खऱ्या बॅरनांनी रॉबर्टसाठीच बंड केलं होतं.

उत्तर निघालं ते एका कॉलममधून. आतापर्यंत जमिनीच्या नोंदीत तीनच गोष्टी होत्या: जमीन कोणती, धारक कोण, धनी कोण (म्हणजे धारकाला ती ज्याच्याकडून मिळाली तो वरचा सरदार किंवा राजा). चौथी जोडली: ‘कशी आली’. वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित? वडिलोपार्जित असेल तर थोरल्याला, त्यात बापाचंही फारसं चालत नाही. तलवारीने मिळवलेली, बक्षीस आलेली किंवा लग्नातून आलेली असेल तर बाप म्हणेल त्याला. विल्यमला नॉर्मंडी बापाकडून आली होती, इंग्लंड त्याने १०६६ ला जिंकलं. बस्स, एवढंच. टायटलचा दर्जा या हिशेबात येतच नाही. ते जमिनीच्या मागे मागे जातं.

खरी मजा पुढे. नियम राजासाठी लिहिला होता, पण नोंदी सगळ्यांच्या एकाच टेबलात असल्यामुळे तो सरदारांनाही लागला. रन चालू ठेवून लॉग वाचत होतो, तर १०९४ ला ही ओळ आली:

‘श्रूझबरी अर्लडम | धारक: रॉजर, मयत | धनी: इंग्लंडचा राजा | कशी आली: बक्षीस | पुढे: ह्यू, दुसरा मुलगा’

आणि लगेच खाली नॉर्मन जमिनी थोरल्या रॉबर्ट द बेलेमकडे. हुबेहूब इतिहासासारखं! मग १०७१ ला मेलेला सरदार विल्यम फिट्झऑस्बर्न उघडून पाहिला. तिथेही थोरल्याला नॉर्मंडीतलं ब्रतेय, धाकट्या रॉजरला हेरफर्ड. यासाठी मी एक अक्षरही वेगळं लिहिलेलं नाही. तो लॉग जपून ठेवलाय.

स्वकष्टार्जित जमीन एकदा मुलाकडे गेली की ती त्याच्यासाठी वडिलोपार्जित होते. त्यामुळे नियम पिढीगणिक घट्ट होत जातो आणि फोडाफोड आपोआप कमी होते. हेन्री ११०६ ला टँशब्रेच्या लढाईत नॉर्मंडी जिंकतो तेव्हा त्याच्या नोंदीत ती मात्र ‘तलवारीने’ अशी येते. बापाची जमीन मुलाने भावाकडून जिंकली तर ती नक्की कोणती, यावर तुमची मतं हवीत. सध्या मी तिला स्वकष्टार्जितच धरलंय.

आता ज्याने पुढचा सगळा वेळ खाल्ला ते. जमिनी इंग्लिश खाडीच्या दोन्ही बाजूंना वाटल्या गेल्या की एकाच सरदाराचे दोन धनी होतात. माझा व्हॅसल-वृक्ष (कोण कोणाचा मांडलिक याची मांडणी) नेहमीसारखा होता, म्हणजे एका माणसाला वर एकच धनी. क्रुसेडर किंग्जमध्येही व्यक्तीला एकच धनी असतो, आणि राजा दुसऱ्या राजाचा व्हॅसल होऊ शकत नाही. खेळ चालता ठेवायला ते ठीकच आहे. पण ११५४ नंतरचा दुसरा हेन्री त्यात बसवून दाखवा. इंग्लंडात तो कोणाचाही नोकर नाही, आणि नॉर्मंडी, आंजू मात्र फ्रान्सच्या राजाकडून धारण करतो. एका म्यानात दोन तलवारी.

म्हणून धनी माणसावरून उचलला आणि जमिनीवर ठेवला. आता माणसाला धनी नसतो, त्याच्या प्रत्येक जमिनीला असतो. कागदावर फार सुंदर दिसलं. पहिल्याच रनमध्ये फ्रान्सने इंग्लंडवर युद्ध पुकारलं, नियमाप्रमाणे नॉर्मंडीच्या धारकाला सैन्यासह हजर व्हायचा हुकूम गेला, आणि हेन्री इमानेइतबारे स्वतःविरुद्धच्या युद्धात सामील झाला. दोन्ही बाजूंना तोच. वॉरस्कोअर, म्हणजे युद्धातल्या सरशीचा आकडा, प्लस मायनस होऊन शून्यावर चिकटला आणि युद्ध संपेचना.

‘स्वतःविरुद्ध लढता येणार नाही’ अशी अट घालून हा बग लपवता आला असता, पण मग दोन धनी ठेवण्यात अर्थच काय? तेव्हा बोलावणं आता जमिनीला जातं आणि धारकाला निवड करावी लागते. ज्या धन्याची बाजू सोडली, त्याला आपल्या हद्दीतली जमीन जप्त करायचा हक्क मिळतो. लगेच नाही, आधी दरबारात हजर राहायचं समन्स, न गेल्यास जप्ती. १२०२ मध्ये जॉन राजाचं हेच झालं. तो फ्रान्सचा राजा फिलिप याच्या दरबारी गेला नाही, फिलिपने त्याच्या फ्रान्समधल्या जमिनी जप्त जाहीर केल्या आणि १२०४ पर्यंत नॉर्मंडी हातची गेली.

तिसरा पर्याय जॉनचा सरदार विल्यम मार्शल याच्यामुळे सुचला. त्याने १२०५ मध्ये नॉर्मन जमिनींपुरती फिलिपशी निष्ठेची शपथ घेतली आणि इंग्लंडातला अर्लही राहिला. जॉन भडकला, तरी जमिनी वाचल्या. तर आता पैसे आणि भरवसा खर्च करून दोन्हीकडे शपथ घेता येते, पण दोन्ही धन्यांच्या मनात संशयाचा आकडा चढतो. खेळायला हा सगळ्यांत रंगतदार भाग झालाय. एआय मात्र अजून सरसकट दोन्हीकडे शपथा घेत सुटलंय, त्याची हाव आवरायची आहे.

टूल्सबद्दल थोडं. ही जाळी नुसत्या टेबलात दिसत नाही, ग्राफव्हिजने (आकृत्या काढणारा प्रोग्राम) चित्र काढल्याशिवाय डोकं चालत नाही. फुकट आहे, दिसायला ओबडधोबड आहे, आणि माझ्या मते त्याला तोड नाही. नोंदी एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये हलवल्या, गोडॉट हे गेम इंजिन फक्त नकाशा दाखवतं. विकत घेतलेल्या नकाशा पॅकबद्दल न बोललेलं बरं. ‘मध्ययुगीन’ म्हणून विकलेल्या सीमा चक्क आजच्या प्रशासकीय सीमा आहेत. सीमा हाताने काढा, वेळ लागला तरी चालेल.

उरला प्रश्न जमीन गेलेल्या अर्लचा. आधी टायटल उडायचं. आता ते राहतं, आणि काउंटीच्या कोर्टातल्या दंडाचा तिसरा हिस्सा, ‘थर्ड पेनी’, त्याच्याकडे येतो. काउंटी त्याच्या मालकीची नाही, मान आणि हा हिस्सा त्याचा. बाराव्या शतकातल्या अर्लला हे जास्त शोभतं. अडचण एवढीच की असा अर्ल शून्य सैनिक घेऊन युद्धाला येतो आणि तरी त्याची रँक मोजली जाते. रँक मोजताना जमीनही धरावी म्हणतोय.

पुढचा टप्पा वारस-शुल्काचा ठरला होता: वारसाने धन्याला पैसे भरल्याशिवाय जमीन ताब्यात नाही. १२१५ च्या मॅग्ना कार्टाने अर्लच्या वारसासाठी १०० पौंड ठरवले. त्याआधी राजा मागेल ते. कायदा लागू होण्याआधी आणि नंतर असे दोन मोड सोपे आहेत, अर्धं लिहूनही झालंय.

पण मार्शलबद्दल वर लिहिताना त्याची मुलं आठवली आणि आता ते शुल्क बाजूला ठेवतोय. पाच मुलगे एकामागून एक अर्ल झाले, १२४५ पर्यंत पाचही निपुत्रिक गेले, आणि जमिनी पाच बहिणींच्या शाखांत वाटल्या गेल्या. माझा नियम फक्त ‘थोरला’ ओळखतो. मुलगे नसतील तर मुलींना समान वाटा, हे त्यात नाहीच. जमिनीचे पाच भाग करता येतील, पण अर्लपद कसं कापणार? टायटलला ‘धारक आहे’ आणि ‘नष्ट’ यांच्या मधली तिसरी अवस्था हवी: अधांतरी. वाटेकऱ्यांपैकी कोणाला द्यायचं की कोणालाच नाही, हे राजाच्या हातात. म्हणजे राजासाठी आयतं आमिष! पाच जावई, एक रिकामं टायटल, आणि पुढच्या युद्धात कोण किती सैन्य आणतो ते बघू.

आज रात्री डेटाबेसमध्ये चौथ्या कॉलमशेजारी ‘वाटा’ नावाचा पाचवा टाकतोय. १२४५ ची सेव्ह फाइल कोणाकडे तयार असेल तर पाठवा, माझे सगळे रन १२२० च्या आसपास कोसळतात.