मोगरा छाटला

आज बाबांनी मोगरा छाटला. मी अंघोळीला गेले होते तेवढ्यात. केस पुसत गॅलरीत आले तर कुंडीत वीतभर उंचीचे सहा-सात खुंट उरलेले, आणि सगळ्या फांद्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत कोंबलेल्या. वर सकाळच्या चहाचा चोथा.

मी काही बोलले नाही. पोहे केले. मीठ राहिलं, ते बाबांनी न बोलता वरून घेतलं.

विचारलं का नाही? दिवसभर तेवढंच घोळतंय. एकदा हाक मारून ‘छाटू का गं’ म्हणायला काय झालं असतं?

त्यांनी केलं ते चूक नाही, हे मला कळतं. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीवर. थंडी सरता सरता छाटायचा, पाणी थोडं तोडायचं, मग माती उकरून शेणखत घालायचं, की चैत्रापर्यंत कळ्या धरतात. दुसऱ्यांना मीच सांगते हे. आणि माझा मोगरा मात्र दोन वर्षं तसाच. नुसता लांबत गेला, ग्रिलमधून बाहेर डोकावायला लागला, गेल्या उन्हाळ्यात सगळी मिळून एकोणीस फुलं दिली. मोजली होती मी.

पण त्या फांद्या वाईहून आल्या होत्या, तशाच्या तशा. त्यांतल्या काहींना आईनं स्वतः सुतळी बांधली होती. ती गाठही आज बादलीत गेली.

असो.

विचारायला हवं होतं. माझं घर, माझी गॅलरी, रोज पाणी मी घालते, पिठ्या ढेकूण पडला तेव्हा एकेका पानाची खालची बाजू कापसाच्या बोळ्यानं मी पुसून काढली. कुणालाच असं वाटत नाही का की हिला विचारावं? फक्त मोगऱ्याचंच नाही म्हणत मी. जाऊ दे.

दुपारी शेवटी तोंडातून निघालंच. “बाबा, मला सांगायचं तरी.”

ते पेपर खाली न करताच म्हणाले, “तिलापण सांगायचो नाही. रथसप्तमी झाली की ती शेजारी जाऊन बसायची. मी छाटून, झाडून ठेवायचो. मग यायची.”

एवढंच. पुन्हा पेपर.

मला वाटायचं तिकडचा मोगरा आपोआपच तसा फुलतो. ओंजळ ओंजळ फुलं निघायची, उशाशी वाटीत ठेवलेली असायची. त्याच्यामागे दरवर्षी ही कात्री होती आणि तिला ती बघवत नव्हती, हे मला आज, या वयात कळतंय. राग मग कुणावर धरायचा तेच कळेना.

संध्याकाळी बादलीतून फांद्या काढून धुतल्या. चहाची पत्ती पानापानाला चिकटलेली. पेन्सिलीएवढ्या जाड काड्या निवडल्या, प्रत्येकीला तीन-चार डोळे ठेवले, खाली डोळ्याच्या जरा खालून तिरका काप घेतला, टोकं कोरफडीच्या गरात बुडवली. फांदी लावायला खरे दिवस पावसाळ्याचे. या दिवसांत किती जगतील सांगता येत नाही. तरी चौदा काड्या निघाल्या. दुधाच्या पिशव्यांना खाली भोकं पाडली, निम्मी वाळू निम्मी माती भरली, पिशवीत दोन-दोन.

बाबा दारात उभं राहून बघत होते. मग आत जाऊन पिशव्यांच्या बाजूला ठेवायला पाट घेऊन आले, उभा लावला, ऊन अडेल असा. म्हणाले, “दीड महिना हलवू नकोस. मूळ आलंय का म्हणून उपटून बघायची तुला खोड आहे.”

आहे खरी. सुतळीची गाठ सापडली. कुंडीतल्या एका खुंटाला बांधून ठेवली आहे.