रॉडवरचे किलो आणि रॉडचा वेग

नाशिकच्या कोणत्याही जिममध्ये दोन खेळाडू भेटले की पहिली चौकशी ‘स्क्वॉट किती मारतोस?’, म्हणजे खांद्यावर वजनाचा रॉड घेऊन बैठक मारून किती वजनासह उठतोस, अशी होते आणि उत्तर किलोमध्येच येते. मी धावपटू, कबड्डीपटू आणि नौकानयन करणाऱ्या मुलांचा ताकदीचा सराव घेतो, आणि माझे ठाम मत आहे की हे उत्तर अर्धेच असते. रॉडवर किती वजन होते याच्या जोडीला तो रॉड किती वेगाने वर गेला, हे नोंदवले नाही, तर त्या दिवशी खेळाडूच्या शरीराने नेमके काय केले हे प्रशिक्षकाला कळत नाही.

यामागचे शास्त्र जुने आहे. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूंवर केलेल्या कामातून दाखवून दिले की स्नायूवरचा भार जितका जास्त, तितका तो सावकाश आखडतो. जिममध्ये हाच नियम डोळ्यांना दिसतो. खेळाडूने प्रत्येक वेळी पूर्ण जोर लावला, तर वजन वाढेल तसा रॉडचा वेग कमी होत जातो आणि स्क्वॉट, बेंच प्रेस (आडवे झोपून रॉड छातीवरून वर ढकलणे) यांसारख्या व्यायामांत ही घट जवळजवळ सरळ रेषेत होते. शिवाय जे वजन जेमतेम एकदाच उचलता येते, ज्याला आपण वन आरएम म्हणतो, त्या वजनाचा सरासरी वेग त्या व्यायामापुरता बराचसा ठरलेला असतो: स्क्वॉटमध्ये सेकंदाला सुमारे ०.३ मीटर, तर बेंच प्रेसमध्ये सुमारे ०.१७ मीटर. खेळाडूची ताकद वाढली तरी हा आकडा फारसा हलत नाही, आणि म्हणूनच त्याचा उपयोग करता येतो.

समजा, एका मुलीने स्क्वॉटमध्ये ४० किलो सेकंदाला १.०० मीटर, ६० किलो ०.८० आणि ८० किलो ०.६० मीटर वेगाने उचलले. हे तीन बिंदू चौकटीच्या वहीत मांडून रेषा पुढे नेली, की ०.३० मीटरचा वेग ११० किलोवर येतो. तिला कमाल वजनाखाली न घालता तिच्या कमाल ताकदीचा अंदाज मिळाला. पुढच्या आठवड्यात वॉर्म-अपमध्ये तेच ६० किलो ०.७० मीटर वेगाने वर गेले, तर त्या दिवशीची तिची कमाल ताकद शंभरच्या आसपास आहे असे धरून सरावाचे वजन कमी करावे.

आमच्या भागात या गोष्टीचे महत्त्व अधिक आहे, कारण निफाड, दिंडोरीकडून येणारी कितीतरी मुले घरच्या द्राक्षबागेत राबून मग सरावाला येतात. ऑक्टोबर छाटणीच्या आणि त्यानंतर विरळणी, डिपिंगच्या (घड औषधाच्या द्रावणात बुडवण्याच्या) दिवसांत त्यांना विचारले, तर उत्तर ठरलेले असते, ‘बरं वाटतंय सर, घ्या वजन.’ मूल खोटे बोलत नसते, त्याला खरोखरच बरे वाटत असते. पण दिवसभर मांडवाखाली हात वर धरून उभे राहिलेल्या शरीराचा थकवा वॉर्म-अपच्या दुसऱ्या सेटमध्येच (सलग उचलण्याच्या दुसऱ्या फेरीतच) रॉडच्या वेगात उमटतो. सरावाच्या तक्त्यात लिहिलेले वजन त्या दिवशी त्याच्यासाठी प्रत्यक्षात जास्त जड झालेले असते, आणि तक्ता आपल्याला हे सांगत नाही.

सेट कुठे थांबवावा, हेही वेगावरून ठरवता येते. पहिली रेप, म्हणजे सेटमधली पहिली उचल, सेकंदाला ०.६० मीटरची असेल आणि वीस टक्के घट ही मर्यादा ठरवली असेल, तर वेग ०.४८ च्या खाली गेला की सेट संपला. स्पेनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ आठवडे स्क्वॉट करणाऱ्या दोन गटांची तुलना केली होती. एक गट वीस टक्के घटीला थांबे, दुसरा चाळीस टक्क्यांना. ताकद दोघांचीही सारखीच वाढली, पण कमी रेप मारणाऱ्या पहिल्या गटाची उडी अधिक सुधारली, तर दुसऱ्या गटाच्या स्नायूंचा आकार अधिक वाढला. ज्याला पळायचे किंवा उडी मारायची आहे, त्याच्यासाठी यातून काय निवडावे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मोजायचे कशाने? सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे दोरीचे यंत्र: जमिनीवर ठेवलेल्या डबीतून निघणारी बारीक दोरी रॉडला अडकवतात आणि ती किती वेळात किती उलगडली यावरून वेग निघतो. दोरी सरळ उभी हवी आणि रोज रॉडच्या त्याच जागी अडकवलेली हवी, कारण ती तिरकी गेली की आकडा बिघडतो. स्क्वॉटमध्ये किती खोल बसले हे बदलले तरी तेच होते. अर्ध्या स्क्वॉटचा वेग पूर्ण स्क्वॉटच्या वेगाशी ताडून पाहणे व्यर्थ आहे. मनमाडने ज्या वेटलिफ्टिंगमध्ये नाव कमावले, त्यातल्या स्नॅच (जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीन (जमिनीवरून खांद्यापर्यंत) या उचलींमध्ये मात्र सरासरी वेगाऐवजी कमाल वेग पाहावा लागतो.

यंत्र परवडत नसेल, तर रॉडच्या वेगाऐवजी मोबाइलच्या चित्रणावरून जागच्या जागी मारलेली उभी उडी मोजावी. हवेत राहिलेल्या वेळेचा वर्ग करून त्याला ९.८१ ने गुणावे आणि आठने भागावे, की उंची मीटरमध्ये मिळते. अर्धा सेकंद हवेत राहिलेला खेळाडू सुमारे ३०.७ सेंटिमीटर उडालेला असतो. येथे कॅमेऱ्याचा वेग निर्णायक ठरतो. सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या स्लो मोशनमध्ये एका चित्राची चूक झाली, तर उंचीत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडतो. साध्या ३० चित्रांच्या व्हिडिओत तीच चूक चार सेंटिमीटरची होते, आणि काही महिन्यांच्या सरावाची सगळी प्रगती तेवढ्यात झाकली जाऊ शकते. मोबाइल जमिनीलगत स्टँडवर ठेवावा, हात कमरेवर असावेत, बूट तेच असावेत, आणि उतरताना गुडघे दुमडू देऊ नयेत, कारण दुमडलेले पाय उशिरा टेकतात आणि उडी होती त्यापेक्षा उंच दिसते.

दर वेळी तीन उड्यांची सरासरी घ्यावी, आणि कोणताही बदल झालेला नसताना त्या खेळाडूचे आकडे दोन-तीन दिवसांत किती खालीवर होतात हे आधी पाहून ठेवावे. त्या चढउताराच्या आतला फरक प्रगती म्हणून सांगू नये आणि घसरण म्हणून त्यावर रागावू तर मुळीच नये.

वेगाच्या आकड्यात सगळेच मावत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. वेग वाढला पण उठताना गुडघे आत वळले, तर ती रेप मी धरत नाही. म्हणून समोरून एक आणि बाजूने एक असे चित्रण करून मुलांना तिथेच दाखवतो; समोरच्यात गुडघे दिसतात, बाजूच्यात खोली आणि पाठ. आकडा मात्र रेप संपताच मोठ्याने सांगावा. तो कानावर पडला की पुढची रेप अधिक जोमाने येते, हे संशोधनातही दिसले आहे आणि हॉलमध्येही रोज दिसते.

लांब पल्ल्याच्या धावपटूंना यात आणणे सर्वांत अवघड. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरच्या मुलींना धावण्याची वाट दिसली. पण वजन उचलले की अंग जड होते ही भीती घराघरांत आहे. ताकदीच्या सरावाने तेवढ्याच वेगाने धावायला कमी प्राणवायू लागतो, हे नुसते सांगून पटत नाही. मी तीस सेंटिमीटरच्या खोक्यावरून खाली उतरून लगेच उडी घ्यायला लावतो आणि उडीच्या उंचीला पाय जमिनीवर टेकून राहिलेल्या वेळेने भागतो. ०.३० मीटर उडी आणि ०.२० सेकंद स्पर्श म्हणजे १.५. शेजारी शरीराचे वजन लिहितो. वजन तेवढेच राहून हा आकडा वाढलेला मुलीने स्वतः पाहिला, आणि तिच्या आईवडिलांनीही पाहिला, की मग फार समजवावे लागत नाही.

पावसाळ्यात मैदाने चिखलाने बंद होतात आणि मुले आपोआप छपराखाली येतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, शेतीच्या पेरणीची घाई सुरू होण्याआधी, प्रत्येकाची वेगाची रेषा आणि तीन उड्यांची सरासरी घेऊन ठेवावी. त्यानंतरच्या हंगामातले प्रत्येक वजन त्यावरून ठरवता येते.