पानजियायुआनच्या बाजारात कुंडीचं बूड बघताना

बीजिंगची भिंत, महाल, बदक सगळं झालं, गर्दीने जीव नकोसा झाला, त्याबद्दल काही लिहीत नाही. लिहायचंय ते पानजियायुआनच्या जुन्या वस्तूंच्या बाजाराबद्दल. वीकेंडला पहाटेपासून भरतो, आणि मी गेले होते फक्त रंगवलेल्या पोर्सलीनच्या कुंड्यांसाठी.

एका आजींच्या पथारीवर पिवळ्या रंगाची, वेलींची, पक्ष्यांची कुंडी दिसली, काठाखाली लाल अक्षरं. दायाझाई! १८७० च्या दशकात चीनच्या त्सीशी राणीने स्वतःसाठी जिंगदेझेनला, म्हणजे पोर्सलीनच्या भट्ट्यांच्या गावाला, बनवून घेतलेला माल, त्यात कुंड्या भरपूर. मी हात लावायच्या आधीच आजींनी मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं, "नवीन आहे." गिऱ्हाईक समोर उभं असताना! मला इतकं भरून आलं की मी तिथेच बसकण मारली.

मग त्यांनी मागून काठ फुटलेली जुनी कुंडी काढली, दोन्ही उलट्या केल्या आणि माझं बोट धरून तळाच्या भोकात घातलं. भट्टीत जायच्या आधी पाडलेल्या भोकाची कड गोलसर लागते, नंतर ड्रिल मारलं असेल तर धारदार, टवके उडालेली. मासे ठेवायच्या मोठ्या घंगाळांना नंतर भोक पाडून कुंडी करतात आणि मग किंमत धाडकन उतरते. पण नुसत्या भोकावर जायचं नाही, नव्या कुंडीचंही गोलसर असतं, म्हणून भिंग लावून बुडावरचे ओरखडे बघायचे, वर्षानुवर्षांचे असतील तर वेडेवाकडे, सगळे एकाच दिशेने असतील तर सँडपेपर. आणि खालच्या शिक्क्यावर तर अजिबात विसंबायचं नाही, ग्वांगशू राजाच्या काळात (१८७५-१९०८) खुशाल कांगशीचा शिक्का मारायचे, म्हणजे दीडशे-दोनशे वर्षं आधीच्या राजाचा.

मुंबईच्या म्युझियममध्ये सर रतन टाटांच्या संग्रहातलं चिनी पोर्सलीन मी कितीदा बघितलंय, पण काचेतून बूड कुठे दिसतं? खरी पारख तिथेच असते आणि ती मला या आजींनी फुकट शिकवली.

नवी कुंडी मी आनंदाने घेतली. फुटकी मागितली नाही, कारण १९११ च्या आधीची जुनी वस्तू चीनबाहेर न्यायला बंदी आहे. शेजारचा दुकानदार मात्र "छ्यानलोंगची आहे, बिनधास्त न्या" (म्हणजे अठराव्या शतकातल्या राजाच्या काळची) म्हणत हाताला धरून ओढत होता, त्याचा मला मनापासून राग आला, कारण खरी असेल तर विमानतळावर अडकणार आणि खोटी असेल तर पैसे गेले.