कोळशाच्या रेल्वेची पांढऱ्या कपड्यांतली बाई

होबोकन टर्मिनलच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर मोठ्या अक्षरांत ‘लॅकवॅना’ असं लिहिलेलं आहे. न्यू जर्सीतून न्यूयॉर्कला नोकरीला जाणारी आपली कितीतरी मराठी मंडळी त्या मनोऱ्याखालून जातात. मॉरिस अँड एसेक्स लाइनवर आमची लोकल ज्या मार्गाने धावते तो मार्ग याच कंपनीचा. तिचं पूर्ण नाव डेलावेअर, लॅकवॅना अँड वेस्टर्न रेलरोड. 1930 साली हिने आपली उपनगरी लाइन विजेवर आणली, तेव्हा होबोकनहून सुटलेली पहिली गाडी चालवायला स्वतः एडिसन उभा होता. पण आमची लोकल म्हणजे या रेल्वेचं शेपूट. तिचं पोट होतं पेनसिल्व्हेनियात, स्क्रँटनच्या कोळशात. ते बघायचं फार दिवस मनात होतं. या ऑक्टोबरमध्ये झाडांनी रंग बदलला तेव्हा निघालो.

इंटरस्टेट 80 ने पश्चिमेकडे जाताना डेलावेअर नदीच्या अलीकडे गाडी आत वळवली आणि पॉलिन्स्किल पुलाखाली जाऊन उभा राहिलो. 1,100 फूट लांब आणि 115 फूट उंच, सगळा काँक्रीटचा. विल्यम ट्रुसडेल 1899 साली कंपनीचा अध्यक्ष झाला आणि जुना, वळणावळणांचा मार्ग सोडून त्याने डोंगरदऱ्यांतून जवळजवळ सरळ रेघ मारली. 1908 ते 1911 या काळात साडेअठ्ठावीस मैलांचा ‘लॅकवॅना कट-ऑफ’ बांधून झाला. दरी आली तर भराव टाकायचा, टेकडी आली तर कापायची. त्यातला पेक्वेस्टचा भराव तीन मैल लांब आहे, आणि काही ठिकाणी तो 110 फूट उंच आहे. एवढं करून वाचले ते 11 मैल. पुलावर आता रूळ नाहीत, 1984 साली ते उखडून नेले. कमानींखाली मात्र काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांच्या खुणा अजून स्पष्ट दिसतात. एकेका फळीची रुंदी बोटांनी मोजता येते.

पुढे डेलावेअर वॉटर गॅप आणि मग पोकोनोचा डोंगर. स्क्रँटन बशीसारखं खाली बसलेलं गाव आहे. तिथून कोणत्याही दिशेला बाहेर पडायचं म्हणजे गाडीला चढ. कसाऱ्याला आपल्याकडे बँकर लावतात तशी इथे प्रत्येक जड कोळसागाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लागायची.

गावाची सुरुवात मात्र लोखंडाची. 1840 साली स्क्रँटन बंधूंनी इथे भट्टी घातली. काही वर्षांत ते ईरी रेल्वेसाठी रूळ बनवू लागले. अमेरिकेत तेव्हा असे रूळ बहुतेक इंग्लंडहून यायचे. त्या दगडी भट्ट्या गावाच्या मधोमध अजून उभ्या आहेत. रूळ बनवणाऱ्यांना आपला माल बाहेर काढायला रेल्वे हवी होती आणि पायाखाली अँथ्रासाइट या कोळशाचे थर होते. 1851 मध्ये उत्तरेकडची लाइन सुरू झाली, 1853 मध्ये दोन कंपन्या एकत्र येऊन डेलावेअर, लॅकवॅना अँड वेस्टर्न झाली आणि 1856 पर्यंत रूळ डेलावेअर नदीला भिडले.

ही रेल्वे नुसता कोळसा वाहत नव्हती, खाणीही तिच्याच होत्या. कोळसा काढणारी तीच, वाहणारी तीच आणि न्यूयॉर्कमध्ये विकणारी तीच. वाहतुकीचा दर स्वतःच्या हातात असल्यावर स्वतंत्र खाणवाल्याने कुणाच्या जिवावर टिकायचं? 1906 च्या कायद्याने रेल्वेला स्वतःचा माल वाहायला बंदी घातली, तेव्हा कंपनीने विक्रीसाठी वेगळी कोल कंपनी काढली. खाणींवरचा हक्क पुढे 1921 साली ग्लेन ऑल्डन कंपनीकडे गेला. या कंपनीचा कोळसा ओळखू यावा म्हणून त्याला चक्क निळा रंग मारून विकत.

अँथ्रासाइट म्हणजे कठीण कोळसा. तो सहजासहजी पेटत नाही, पण पेटला की धूर जवळजवळ नसतो. इतर रेल्वेंच्या प्रवाशांचे कपडे काजळीने काळे होत, लॅकवॅनाच्या प्रवाशांचे होत नसत. याचं भांडवल करायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीच्या जाहिरातींत फिबी स्नो नावाची तरुणी आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्याशुभ्र कपड्यांत ती बफेलोला जायची आणि कपडे तसेच पांढरे ठेवून उतरायची. छोट्या छोट्या यमकांच्या त्या जाहिराती इतक्या गाजल्या की 1949 मध्ये होबोकन ते बफेलो या नव्या गाडीचं नावच ‘फिबी स्नो’ ठेवलं.

मॅकडेड पार्कमधल्या लॅकवॅना कोल माइनमध्ये उतरलो तेव्हा फिबी स्नो सारखी डोळ्यांसमोर येत होती. पिवळ्या डब्यात बसवून दोरखंडाने उतारावरून सुमारे 300 फूट खाली नेतात. आत बाराही महिने तीच थंडी, साधारण 12 अंश. भिंतीला हात लावला तर बोटाला ओल लागते आणि बॅटरीच्या उजेडात कोळसा काचेसारखा चमकतो. एका दारापाशी आमचा गाइड थांबला. खाणीतली हवा योग्य दिशेने खेळावी म्हणून ही लाकडी दारं. ती उघडायला-मिटायला एक पोरगा बसवलेला असे. दिवसभर अंधारात, खेचरांची गाडी आली की दार उघडायचं आणि गेली की लावायचं. गाइडने दिवे घालवले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीने आईचा हात घट्ट धरला.

वरच्या ब्रेकरमध्ये, म्हणजे कोळसा फोडून निवडायच्या कारखान्यात, आठ-दहा वर्षांची मुलं फळ्यांवर ओणवी बसत. पायांमधून वाहत जाणाऱ्या कोळशातली पाटीची ठिकरी हातांनी वेचायची, तीही हातमोजे न घालता. नव्या पोरांची बोटं सुजून लाल व्हायची. लुईस हाइनने 1911 मध्ये जवळच्या पिट्स्टनला काढलेले त्यांचे फोटो पाहिले की चेहऱ्यांवर फक्त डोळे पांढरे दिसतात. फिबी स्नोचे कपडे ज्या कोळशामुळे स्वच्छ राहिले तो या मुलांनी निवडला होता. त्या गोड यमकांकडे मला आता कौतुकाने बघता येत नाही.

आणि तारखा बघा. फिबी स्नो आली त्याच सुमारास, मे 1902 मध्ये, अँथ्रासाइटच्या खाणींतले सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. थंडी तोंडावर आली, तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने कोळसा-रेल्वेंच्या मालकांना आणि कामगार नेता जॉन मिचेलला एकत्र बोलावलं. ट्रुसडेलही त्या बैठकीला होता. मालक मिचेलशी बोलायलाच तयार नव्हते. शेवटी आयोग नेमला गेला आणि त्याची बरीचशी सुनावणी स्क्रँटनच्या कोर्टात झाली. कामगारांची बाजू क्लॅरन्स डॅरो या वकिलाने मांडली. पगारात 10 टक्के वाढ आणि बहुतेकांना नऊ तासांचा दिवस मिळाला, संघटनेला मान्यता मात्र मिळाली नाही. कोर्टाच्या चौकात मिचेलचा पुतळा आहे. गावाने आठवण कुणाची ठेवली ते मला आवडलं.

कंपनीचं वैभव बघायचं तर स्क्रँटनचं 1908 चं स्टेशन बघा. आता तिथे हॉटेल आहे. ज्या हॉलमध्ये प्रवासी गाडीची वाट बघत तिथे आता लोक कॉफी पितात. वर रंगीत काचेचं कमानदार छत आणि भिंतींवर होबोकनपासून बफेलोपर्यंतच्या मार्गावरची दृश्यं रंगवलेल्या फरशांचे 36 फलक. मी एकेक फलक बघत हॉलभर फिरलो. शेजारीच जुन्या यार्डात स्टीमटाउन हे राष्ट्रीय स्मारक आहे. तिथे बिग बॉय या अवाढव्य वाफेच्या इंजिनाभोवती गर्दी असते, पण ते वायोमिंगकडचं, युनियन पॅसिफिकचं. लॅकवॅनाचं स्वतःचं 565 क्रमांकाचं 1908 सालचं इंजिन मला जास्त जवळचं वाटलं.

पुढची उतरण झपाट्याची. घरोघरी तेल आणि गॅस आला, कोळसा उठेना. 1955 मध्ये डायन वादळाच्या पुराने लाइन धुऊन नेली. जानेवारी 1959 मध्ये पोर्ट ग्रिफिथला सस्क्वेहॅना नदीच खाणीत फुटली. 12 कामगार गेले. नदीत पडलेला भोवरा बुजवायला रेल्वेचे डबे त्यात ढकलावे लागले. त्या भागातली खोल खाणकामं तिथेच आटोपली. पुढच्याच वर्षी लॅकवॅना ईरी कंपनीत विलीन झाली. 1966 मध्ये ‘फिबी स्नो’ बंद पडली आणि जानेवारी 1970 मध्ये स्क्रँटनहून शेवटची प्रवासी गाडी गेली. खाणी बंद झाल्या तरी त्यांतलं पाणी थांबलेलं नाही. ओल्ड फोर्जला लॅकवॅना नदी आजही लोहाने नारिंगी होऊन वाहते. काठचे दगडसुद्धा नारिंगी आहेत.

परतायच्या आधी उत्तरेला निकल्सनला गेलो. ट्रुसडेलने इथलाही मार्ग बदलला होता आणि त्याने सोडलेल्या जुन्या मार्गावरच आजचा हायवे आहे. गावाच्या डोक्यावर टंकहॅनॉक पूल: 2,375 फूट लांब, नदीच्या पात्रापासून 240 फूट उंच, 1915 साली पुरा झालेला. आराखडा अब्राहम बर्टन कोहेन या इंजिनियरचा. कोळशाचं राज्य दोनच वर्षांनी शिखर गाठून उतरणीला लागणार आहे हे बांधताना कुणाला ठाऊक नव्हतं. पुलावरून आजही मालगाड्या जातात, नॉरफोक सदर्नच्या. मी खाली उभा असताना एक लांबलचक मालगाडी गेली.

जायचं असेल तर एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये जा, कारण हिवाळ्यात खाण बंद असते. स्वेटर न्याच. कट-ऑफवर अँडोव्हरपर्यंत पुन्हा रूळ टाकायचं काम न्यू जर्सी ट्रान्झिटने हाती घेतलं आहे आणि पुढे थेट स्क्रँटनपर्यंत ॲमट्रॅकची गाडी नेण्याची योजना आहे. ती होईपर्यंत आपली मोटारच. मुलांना घेऊन जाणार असाल तर स्टीमटाउनच्या आधी खाण दाखवा.